शाळेसाठी गाव सोडावं का? जाण्याची वाट आणि परतीची वाट

(उलवे इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी मला आजचा विषय प्रश्नाच्या रूपातच दिला. 'मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातल्या कुटुंबांनी शहरात यावं का?' हा प्रश्न उलव्यात विचारला जावा, हे मला फार योग्य वाटतं. कारण समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. काही जण साताऱ्याहून, सांगलीहून, बीडहून, जळगावहून, तळकोकणातून इथं राहायला आले आहेत. 'इथं का आलात?' असं विचारलं तर पहिलं उत्तर येतं 'नोकरी', आणि जरा वेळानं दुसरं येतं, 'मुलांची शाळा'. दुसरी मंडळी कुठूनच आलेली नाहीत. ती होती तिथंच होती, शहर त्यांच्या दारात आलं. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षालाच शिकवतात की 'काय झालं' यावरून 'काय करावं' हे निघत नाही. ते खरंच आहे. पण 'काय झालं' हे माहीत नसताना 'काय करावं' सांगायला गेलं की त्याचं प्रवचन होतं. म्हणून आज इतिहास जास्त आणि उपदेश कमी. शिक्षणासाठी आपल्याकडे घर कोणी सोडलं, कसं सोडलं, आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढंच बघू या.

मुलगा जात असे, बिऱ्हाड जात नसे

पहिली गोष्ट लक्षात घ्या. महाराष्ट्रात शिकायला बाहेर पडणं जुनं आहे, पण शिक्षणासाठी अख्खं बिऱ्हाड हलवणं ही तुलनेनं नवी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मुलगा जात असे, घर गावातच राहत असे.

धोंडो केशव कर्व्यांची हकीकत अनेकांना माहीत असेल. दापोलीजवळच्या मुरूडचा मुलगा. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी हा सवंगड्यांबरोबर सातारला निघाला. सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून जास्त वाट पायी तुडवली. आणि तिथं पोचल्यावर परीक्षकांनी सांगितलं, 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस.' बसूच दिलं नाही. पुढल्या वर्षी त्यांनी कोल्हापूर गाठलं आणि परीक्षा दिली. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला आणि मग पुणे, असा त्यांचा शाळेचा प्रवास. हा नकाशा आजच्या मुलाला दाखवला तर त्याला वाटेल, बदलीची नोकरी होती की काय!

ही मुलं जगायची कशी? वार लावून. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुठं माधुकरी, कुठं ओळखीच्यांच्या ओसरीवर पथारी. आपण याला गरिबीतली जिद्द म्हणतो आणि ती जिद्द होतीच. पण ती एक व्यवस्थाही होती. शहरातल्या त्या घरांनी परक्या मुलाला पान वाढायचं, ही रीत होती म्हणून तो मुलगा टिकला. आणि ही रीत जातीच्या आत होती. टेंभूच्या आगरकरांना वार मिळू शकत होता. त्याच गावातल्या कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या मुलाला पुण्यात कोण वार लावणार? त्या मुलाची बुद्धी कमी नव्हती. त्याला संध्याकाळी जेवायला बोलावणारं घर नव्हतं.

आपल्या रायगड जिल्ह्यातले दोन मुलगे बघा. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. वडील बडोद्याला नोकरीला होते, म्हणून ते तिकडे जाऊन शिकले. चिंतामणराव देशमुख १८९६ साली महाडजवळच्या नात्यात जन्मले. वडील रोह्याला वकील. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबांनी मात्र आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि १९१६ साली परीक्षेला म्हणून निघून ते काशीला गेले. शहरानं एकाला गव्हर्नर केलं, दुसऱ्याला शहर सोडायला शिकवलं. पण दोघांनाही शहरापर्यंत नेणारं कोणीतरी घरात होतं, हे विसरू नका.

आता याच्या उलट एक चित्र आहे, आणि त्याची आपल्याला फारशी आठवण नसते. गिरणगाव. कोकणातला आणि घाटावरचा माणूस मुंबईत आला तो बहुधा एकटा. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले, खानावळीत जेवण, पाळीप्रमाणे झोप. बायकोमुलं गावाला. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर जायची आणि त्या मनीऑर्डरीतून गावातल्या मुलाची पाटी, पुस्तक, फी भागायची. म्हणजे त्या काळी बाप शहरात यायचा तो पोरानं गावात शिकावं म्हणून! इथं बसलेल्या साठीपुढच्या अनेकांची शाळा त्या पैशावर झालेली असेल. आज आपण जे करतो त्याच्या हे बरोबर उलटं आहे.

एक कुटुंब, एक खोली

अख्ख्या घरानं शिक्षणासाठी शहर धरल्याचं एक मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. सुभेदार रामजी आंबेडकरांचं. सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोली, मग सातारा. सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव दाखल झाले. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मग कुटुंब मुंबईला आलं, परळच्या चाळीत, एका खोलीत. एकानं झोपायचं तेव्हा दुसऱ्यानं अभ्यास करायचा, इतकी ती खोली. वडील रात्री लवकर निजत आणि पहाटे फार लवकर उठून मुलाला अभ्यासाला उठवत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

हे उदाहरण देऊन लोक म्हणतात, 'बघा, शहरात आले म्हणून आंबेडकर घडले.' अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की त्या घराला शाळेची किंमत आधीच कळलेली होती. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. खोली लहान होती, पण त्या खोलीत रात्री मुलाजवळ बसणारा बाप होता. शहरात येऊन बाप बारा तास सिक्युरिटीच्या ड्युटीवर आणि आई चार घरची धुणीभांडी करत असेल, तर शाळा कितीही चांगली असो, ती पहाट त्या घरात उगवत नाही. स्थलांतराचा हिशोब मांडताना आपण शाळेची फी मोजतो, भाडं मोजतो, डिपॉझिट मोजतो. आईबापांचा मुलाजवळचा वेळ मोजत नाही.

वसतिगृह नावाचा शोध

ज्यांना वार नव्हता आणि ज्यांचे वडील सुभेदार नव्हते, त्यांचं काय? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलं. मी त्याला शोधच म्हणतो. आपण रेल्वेला शोध म्हणतो, बोर्डिंगला म्हणत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक वसतिगृहं निघाली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार वसतिगृहं काढली म्हणून आज कुणी नाक मुरडेल. पण वार जातीतच मिळत होता, म्हणून ज्यांना वार नाही त्यांचा वार संस्थानानं लावला, असं ते गणित होतं. आणि हेही बघा की शाहू महाराज तिथं थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते गावोगावी. म्हणजे लहान मूल गावात शिकेल, मोठं झालं की कोल्हापूरला बोर्डिंगात येईल. ही दोन टप्प्यांची कल्पना आहे. कृपा करून ती लक्षात ठेवा, मला शेवटी तिचा उपयोग करायचा आहे.

त्याच कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था सातारला आली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झालं. इथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने या मुलांसाठी मोडले, मंगळसूत्रसुद्धा. बोर्डिंगचा इतिहास सांगताना आपण पुरुषांची नावं घेतो. पण तिथला रोजचा प्रश्न 'आज भाकरीला पीठ आहे का' हा होता, आणि तो बाईनं सोडवला.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी बोर्डिंगातली पातळ आमटी खाल्लेली आहे. तिची थट्टा आम्ही आजही करतो. पण त्या आमटीमुळं एक गोष्ट शक्य झाली. मुलगा तालुक्याला गेला, तरी घराला गाव सोडावं लागलं नाही. शेत पडीक पडलं नाही, म्हातारी एकटी पडली नाही, धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही.

भाऊरावांचं खरं मोठेपण पुढं आहे. त्यांनी १९३५ साली सातारला ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातला मुलगा बोर्डिंगात आला, फायनल झाला, मास्तर झाला, आणि परत एखाद्या डोंगरातल्या वाडीवर शाळा उघडायला गेला. रयतेनं अशा शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या. म्हणजे जाण्याची वाट होती आणि परतीची वाटही होती. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय आणि मग शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती याच विचारानं.

शाळेनंच मुलाकडे जावं

याच्याही आधी कुणीतरी मूळ प्रश्न विचारला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचं गाऱ्हाणं. मागणी काय? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, म्हणजे ते गावात मिसळतील. आणि त्यांना नीट पगार द्या. बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. बघा, जोतीराव 'पुण्याला या' असं म्हणत नाहीत. गावात चांगला मास्तर पाठवा आणि त्याला गावात राहावंसं वाटेल असा पगार द्या, असं म्हणतात. एकशे चाळीस वर्षं होऊन गेली, अजून आपण त्याच कलमावर आहोत.

आणि आता कर्व्यांकडे परत येतो. मुरूडहून पायी निघालेला तो मुलगा. पुढं हिंगणे झालं, महिला विद्यापीठ झालं, जगभर नाव झालं. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी काय काढलं? महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. जिथं लोकल बोर्डाची शाळा नाही अशा छोट्या खेड्यांत शाळा काढायच्या. त्यासाठी या वयात स्वतः वर्गणी गोळा करत हिंडले. चाळीसेक शाळा निघाल्या. ज्याला शाळेसाठी गाव सोडावं लागलं, त्याला दुसऱ्या मुलावर ती वेळ येऊ नये असं वाटलं. मला या माणसाचं सगळ्यात मोठं काम कुठलं विचाराल, तर मी या चाळीस शाळांचं नाव आधी घेईन. अनेकांना हे पटणार नाही, चालेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं, मग ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत का येत नाहीत? कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणावर न्यायची! तिला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. लहानग्यांसाठी पाड्याच्या अंगणात अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी कागदावर आहे, तो या अंगणातून आला.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि मराठी शाळा वाडीवस्तीपर्यंत पोचली. २०१० साली शिक्षणहक्क कायदा अमलात आला आणि एक किलोमीटरच्या आत प्राथमिक, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा, हा मुलाचा हक्क ठरला. इथपर्यंत आपली दिशा एकच होती, शाळेनं मुलाकडे जायचं.

मग बिऱ्हाड का हलायला लागलं?

आता गेल्या तीसेक वर्षांकडे या. लातूरला जा. दहावीनंतर मुलांना घेऊन आलेल्या आया भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा गावी, शेतावर किंवा नोकरीवर. दोन वर्षं आई फक्त पोळ्या लाटते आणि घड्याळ बघते. नांदेडला हेच, संभाजीनगरला हेच. आता तर पाचवीपासून, अगदी बालवाडीपासून तालुक्याला खोली करणारे आहेत. गिरणगावात बाप एकटा होता, इथं आई एकटी आहे.

हे आपलंच दुखणं आहे असं नाही. चीनमध्ये तत्त्वज्ञ मेन्शियसच्या आईची गोष्ट सांगतात. घर स्मशानाजवळ होतं, तर मूल अंत्यविधीचा खेळ खेळू लागलं. बाजाराजवळ नेलं, तर विक्रीचा खेळ खेळू लागलं. तिसऱ्यांदा शाळेजवळ नेलं, तेव्हा ते अभ्यासाचा खेळ खेळू लागलं. दोन हजार वर्षं ही आदर्श आई आहे. कोरियात मुलाला आईबरोबर परदेशी शाळेत पाठवून मागं एकटं राहणाऱ्या बापाला 'रानहंस बाप' म्हणतात. तेव्हा आईबापांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुलासाठी जागा बदलावीशी वाटणं ही माणसाची जुनी भावना आहे.

पण मेन्शियसच्या गोष्टीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. त्या बाजारातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं?

अल्बर्ट हर्षमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं आहे. एखादी संस्था बिघडली की माणसापुढं दोन मार्ग असतात: सोडून जायचं किंवा आवाज उठवायचा. आणि शाळेच्या बाबतीत सर्वांत आधी सोडून जातात ते कोण? ज्यांना गुणवत्तेची सर्वांत जास्त चाड आहे ते. म्हणजे ज्यांनी आवाज उठवला असता, तेच आधी निघून जातात.

हे गावात कसं घडतं ते बघा. चौथीपर्यंतची शाळा, पट पस्तीस, दोन शिक्षक. सरपंचाचं मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅननं जाऊ लागतं. मग ग्रामसेवकाचं, दुकानदाराचं, आणि कटू असलं तरी बोलायला हवं, त्याच शाळेतल्या गुरुजींचंही. दोन-चार घरं बिऱ्हाडच हलवतात. पट पंधरावर येतो. उरतात भूमिहीनांची, पारध्याची, विधवेची, आजीजवळ ठेवलेली मुलं. छप्पर गळतं हे सांगायला ग्रामसभेत आता कुणी उभं राहत नाही. आणि एके दिवशी वरून कागद येतो, पट कमी आहे.

हा कागद कल्पनेतला नाही. २०१७ च्या अखेरीला राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळांसाठी समूह शाळांची योजना पुढं आली. तोरणमाळ आणि पानशेतचे नमुने दाखवले गेले. समूह शाळेच्या बाजूनं बोलता येतं. चार मुलांच्या शाळेत खेळायला गडी नाही, वाचनालय नाही, ते बरोबर आहे. पण चीननं २००१ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं, खेड्यातल्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळल्या. आणि २०१२ साली त्यांच्याच सरकारला ही घाई थांबवावी लागली. अंतर वाढलं की आधी कोण घरी बसतं, ते सांगायला संशोधक नको. मुलगी. मानव विकास कार्यक्रमातली निळी एसटी किंवा मुलींचा मोफत पास या साध्या गोष्टी वाटतात. कितीतरी घरांचं बिऱ्हाड त्या एका गाडीनं जागेवर ठेवलं आहे. ती गाडी बंद झाली की मुलीचं लग्न ठरतं.

ज्यांना निवड नाही, आणि ज्यांना सोडणं भाग होतं

इथं दोन खबरदाऱ्या.

एक. 'कुटुंबानं शहरात जावं का' हा प्रश्न ज्यांच्यापुढं निवड आहे त्यांचा आहे. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो तो काही शाळेसाठी नाही. आपल्या रायगडमधला कातकरी वीटभट्टीवर जातो तोही नाही. त्यांच्या मुलांची शाळा स्थलांतरानं सुटते. त्यांच्यासाठी कुणी कारखान्यावर साखरशाळा काढल्या, कुणी भट्टीवर भोंगाशाळा काढल्या, शासनानं हंगामी वसतिगृहं काढली, म्हणजे मूल गावात राहील आणि आईबाप जातील. पुन्हा तेच: मुलाला एका जागी स्थिर ठेवणारी कुणाची तरी भाकरी.

दोन. 'गाव सोडू नका' असं सरसकट सांगण्याचा अधिकार मला नाही. ज्याची जमीन आहे, देवळात मान आहे, त्याला गाव गोड लागतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यावर जी कठोर टीका केली, ती अनुभवातून आली होती. ज्या मुलाला वर्गात बाहेर बसवलं, त्याच्या घराला 'मुळं तोडू नका' असं सांगणं हा क्रूरपणा आहे. काही घरांसाठी शाळा हे शहरात येण्याचं एकच कारण नव्हतं. माणूस म्हणून चालता यावं, हे दुसरं कारण होतं.

उलव्याकडे

आता इथं. १९७० साली सिडको आली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. खाडीतली मासेमारी, भातशेती, मिठागरं यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसानं एक पाऊलही टाकलं नाही आणि तो शहरात पोचला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्क्यांचं सूत्र आलं. मग विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावं हलली. डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. २०१८ साली खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ साली अटल सेतू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

ज्यांना वाटतं की शहराजवळ गेलं की शिक्षण आपोआप मिळतं, त्यांनी या गावांकडे बघावं. इथं शहर चालत दारात आलं. टॉवर आला, मॉल आला, काचेची शाळा आली. पण त्या शाळेचं फाटक आणि गावातल्या मुलाचं घर यांत अंतर राहतंच. ते अंतर फीचं असतं, भाषेचं असतं, 'तू अशी का बोलतेस' या हसण्याचं असतं. बिऱ्हाड हलवून जे अंतर कापायला लोक निघतात, ते बहुतेक वेळा किलोमीटरमध्ये मोजण्यासारखं नसतंच.

आणि याच मातीतलं दुसरं उदाहरण, जासईचे दि. बा. पाटील. शिकले, वकील झाले, आमदार-खासदार झाले. पण राहिले याच पट्ट्यात, या लोकांबरोबर. जमिनीचा लढा रस्त्यावर लढला गेला, तसा कायद्याच्या भाषेतही लढला गेला, कारण ती भाषा येणारा माणूस गावाजवळ होता. शिकलेला प्रत्येक जण निघूनच गेला असता, तर या गावांच्या बाजूनं कागद कुणी वाचला असता?

तर, यावं का?

माझं उत्तर सांगतो. शाहू महाराजांची दोन टप्प्यांची कल्पना आठवा.

चौथी-पाचवीपर्यंत, गावात शिकवणारा शिक्षक असेल, तर बिऱ्हाड हलवू नये असं मला वाटतं. या वयात मुलाला आजी लागते, भाषा लागते, अंगण लागतं, आणि आईबाप संध्याकाळी घरी लागतात. दहावीनंतर मुलानं बाहेर पडणं स्वाभाविक आहे. तिथंही मूल जावं, घर नव्हे. खरी अडचण पाचवी ते दहावीची आहे. तिथंच इतिहासानं बोर्डिंग उभं केलं, ट्रेनिंग झालेला मास्तर पाठवला, पुढं एसटी दिली. तिथंच आज आपण प्रत्येक घराला सांगतो, 'तुझं तू बघ, खोली भाड्यानं घे.' जे काम समाजानं एकत्र केलं होतं ते एकेका आईच्या डोक्यावर टाकलं आहे. म्हणून 'कुटुंबानं जावं का' या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: ती वसतिगृहं, ती गाडी, तो मास्तर यांचं आपण काय केलं?

आणि जे आलेच आहेत त्यांच्यासाठी एक जुनी रीत आहे. गिरणगावातल्या त्या गाववाल्यांच्या खोल्यांतून ग्रामस्थ मंडळं चालायची. दहा-दहा रुपये वर्गणी काढून कोकणातल्या कितीतरी शाळांचे वर्ग त्यांनी बांधले. स्वतः अंगठेबहाद्दर आणि शाळेला कौलं! तुम्ही तर पदवीधर आहात. परतीची वाट म्हणजे परत राहायलाच जायला हवं असं नाही.



प्रश्नोत्तरं

एक श्रोते: सर, माझ्या गावच्या शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक, तेही निम्मे दिवस मीटिंगला आणि सर्वेक्षणाला. आम्ही दोन वर्षं तक्रारी केल्या आणि मग इथं आलो. आम्ही चुकलो का?

उत्तर: नाही. तिसरीचं वर्ष मुलाच्या आयुष्यात एकदाच येतं. व्यवस्था सुधारेपर्यंत थांब, असं कुठलंही तत्त्वज्ञान मुलाला सांगू शकत नाही. तुम्ही आधी आवाज उठवलात, मग सोडलंत. फक्त एवढंच म्हणेन, आवाज सोडू नका.

एक श्रोत्या: पण इथून आमचं कोण ऐकणार? आमचं तर मतदानही आता इकडं आहे.

उत्तर: शाळेच्या दाखल्यावर अजून त्या गावाचं नाव आहे ना? कायद्यानं प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांतल्या पुष्कळांना आपले अधिकारच ठाऊक नसतात. तुम्ही गणपतीला गावी जाता, शिमग्याला जाता. यंदा एक दिवस आधी जा. शाळा चालू असताना जा. पट किती आहे ते बघा, पाचवीनंतर मुली कुठं जातात ते विचारा, समितीतल्या बाईंशेजारी बसा, आणि त्यांना अर्ज लिहायचा असेल तर लिहून द्या. तिथून सुरुवात होते.